लर्नेड हँडची बढती नक्की कुणी अडवली?

रंकाळावेस

नमस्कार मंडळी. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथंच कोल्हापुरात. सेमिनारला विषय आलाय 'न्यायाधीशांची नेमणूक'. वर्गातले सगळे हायकोर्ट न्यायाधीशांच्या नेमणुकीचं कलम २१७ आणि कॉलेजियमच (ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नावं सुचवायची आपली पद्धत) घेऊन बसलेत, त्यामुळं सर म्हणाले, एखाद्यानं बाहेरच्या देशातला एकच न्यायाधीश धरा आणि त्याची नेमणूक मुळापासून उलगडून दाखवा. मी लर्नेड हँड घेतला. कारण फार थोर नाही. टॉर्ट्सला (नुकसानभरपाईच्या कायद्याला) त्याचं निष्काळजीपणाचं सूत्र पाठ केलं होतं, नाव ओळखीचं वाटलं.

आता गाडी अडकलीय. हँड १९०९ ला न्यूयॉर्कच्या फेडरल जिल्हा न्यायालयात आला आणि वर सेकंड सर्किटच्या अपील कोर्टात गेला १९२४ ला. मधे १९१७ साली अपील कोर्टात जागा निघाली होती, ती मिळाली मार्टिन मँटन नावाच्या माणसाला. हा मँटन पुढं लाच खाऊन तुरुंगात गेला म्हणे. एका ठिकाणी वाचलं की 'मासेस' खटल्यातल्या निकालामुळं हँडची बढती गेली. दुसऱ्या ठिकाणी वाचलं की तो राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या पक्षाचाच नव्हता, त्यामुळं तसंही काही मिळणार नव्हतं. नक्की काय धरायचं? आणि तिथं हे ठरवतं कोण?

इथं मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सीपीआर रुग्णालयासमोर चहाला उभं राहिलं की दुसरा विषयच नसतो. कोण आलं, कोण येणार, कुणाच्या वळणाचं आहे. त्यामुळं मलाही जरा चेव आलाय. जाणकारांनी सांगा.

तांबडापांढरा

भावा, पंधरा वर्षांचं काय कौतुक सांगतोस. आपल्याला बेंच मिळायला चार दशकं मोर्चे काढायला लागले. माझ्या चुलत्यानं पहिल्या उपोषणाला बसताना केस काळे होते, १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालं तेव्हा टोपी घालून गेला.

चेष्टा राहू दे. ढोबळ सांगतो. तिथं परीक्षा नाही, कॉलेजियम नाही. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतो, सिनेट मंजुरी देते, आणि एकदा बसला की वयाची अट नाही. वर्तणूक ठीक असेल तोवर खुर्ची त्याची. बाकी आतलं राजकारण जुनंकोर्ट साहेबांना विचार, ते या हँडवर एकदा बोलायला लागले की चहा गार होतो.

जुनंकोर्ट

प्रश्न चांगला काढलायस. पण अडवणारा एकच माणूस शोधत बसलास तर हाताला काही लागणार नाही. नेमणुकीच्या गोष्टीत मी दोनच गोष्टी बघतो. जागा कधी रिकामी झाली, आणि त्या सुमाराला कुणाचं पत्र कुणाच्या टेबलावर होतं. लायकी वगैरे त्याच्यानंतर. आमच्या बाररूममध्ये नव्या जज्जसाहेबांची ऑर्डर यायच्या आधी महिनाभर नावं फिरायची. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा एखादा ज्येष्ठ तंबाखू मळता मळता सांगून मोकळा व्हायचा की साहेब अमक्या तालुक्यातले, तमक्याचे पाहुणे. निम्मं खोटं निघायचं. निम्मं खरं निघायचं, आणि ते त्याला कुठनं कळलं हे कधी बाहेर आलं नाही. अमेरिकेतली ही पत्रं मात्र पुढं अभ्यासकांच्या हाती लागली, म्हणून हँडची गोष्ट तारीखवार लावता येते.

१९०९ पासून धर. हँड ऑल्बनीचा. आजोबा न्यायाधीश, वडील सॅम्युएल हँड न्यूयॉर्क राज्याच्या अपील कोर्टावर बसलेले. घरात कायदा मुरलेला, हार्वर्डची पदवी, आणि तरी वकिलीत पोरगं काही चमकलं नाही. १९०२ ला न्यूयॉर्क शहरात आला, तिथंही अशिलांची रांग लागली असं नाही. त्याचा जीव वाचण्यात आणि लिहिण्यात. कामाचे तास कायद्यानं ठरवावेत का, यावर १९०८ साली त्यानं लिहिलेला लेख जाणत्या लोकांच्या नजरेत भरला होता. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यासाठी एक जादा न्यायाधीश मंजूर केला.

इथं चार्ल्स बर्लिंगहॅम हे नाव लिहून ठेव. जहाजांच्या कज्ज्यांचा वकील. स्वतः कधी खुर्चीवर बसला नाही, पण न्यूयॉर्कात खुर्चीवर कोण बसावं यात त्यानं हयात घालवली. त्यानं ॲटर्नी जनरल विकरशॅमकडं हँडचं नाव लावून धरलं. विकरशॅम राष्ट्राध्यक्ष ताफ्टचा माणूस. ताफ्टनं सही केली. हँडचं वय ३७, पगार सालाचा ६,००० डॉलर. मोठ्या पेढीतल्या वकिलाला हा आकडा हसू आणणारा होता, पण ज्याची वकिली बेताची त्याला खुर्ची म्हणजे सुटका. हे मी हिणवायला सांगत नाही. चांगला जज्ज चांगला वकील असतोच असं नाही, उलटंही नाही.

आता ज्या ताफ्टनं नेमलं, त्यालाच या गड्यानं दुखावलं. १९१२ ला थिओडोर रूझवेल्टनं रिपब्लिकन पक्ष फोडून नवा प्रोग्रेसिव्ह पक्ष काढला. मतं फुटली, ताफ्ट आपटला, डेमोक्रॅट विल्सन निवडून आला. हँड रूझवेल्टच्या बाजूनं. तेवढ्यावर थांबला असता तर विसरूनही गेले असते लोक. पण १९१३ ला, फेडरल न्यायाधीश असताना, त्यानं राज्याच्या अपील कोर्टाच्या प्रमुखपदासाठी प्रोग्रेसिव्ह पक्षाची उमेदवारी घेतली. तिथं तेव्हा राज्याच्या न्यायाधीशांच्या निवडणुका व्हायच्या, त्यामुळं आपल्याला वाटतं तितकं ते जगावेगळं नव्हतं. पण ताफ्टच्या मनात ते बसलं ते बसलं. पडला, हे सांगायला नकोच.

म्हणजे १९१७ उजाडताना हिशेब असा: हँड ताफ्टच्या लोकांना परका, आणि विल्सनच्या लोकांना त्यांचा नव्हेच.

आता मासेस. हे न्यूयॉर्कचं समाजवादी मासिक, चित्रांनी भरलेलं, युद्धाच्या पुरतं विरोधात. अमेरिका एप्रिल १९१७ ला महायुद्धात उतरली आणि १५ जूनला हेरगिरीविरोधी कायदा झाला. त्यात हेरगिरीबरोबर लष्करभरतीत अडथळा आणणं, सैन्यात अवज्ञा पसरवणं हेही गुन्हे ठरवले, आणि असला मजकूर टपालानं पाठवायला बंदी केली. मासेसचा ऑगस्टचा अंक न्यूयॉर्कचा पोस्टमास्तर थॉमस पॅटननं अडवला. आक्षेप चार व्यंगचित्रांवर आणि काही मजकुरावर. एका चित्रात अमेरिकेची ती प्रसिद्ध स्वातंत्र्यघंटा मोडून पडलेली. मासिकवाले मनाई हुकूम मागायला कोर्टात आले, आणि प्रकरण हँडपुढं लागलं.

निकाल लिहायच्या आधीच हँडनं बायकोला पत्रात कळवलं होतं की सरकारच्या विरुद्ध गेलो तर बढतीची आशा सोडायची. हे सेमिनारमध्ये नक्की घे. म्हणजे त्याला पुढचं दिसत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

२४ जुलै १९१७ ला त्यानं मासिकाच्या बाजूनं हुकूम दिला. म्हणणं सरळ होतं. सरकारवर तुटून पडणं, युद्धाची चीड यावी असं लिहिणं, कायद्याला शिव्या घालणं, हे लोकशाहीत चालायचंच. कायदा मोडा असं तोंडावर सांगितलं तर मात्र गुन्हा. लिहिलेल्या शब्दांकडं बघायचं, त्यानं पुढं काय होईल याच्या भीतीकडं नाही. काँग्रेसनं कायद्यात जे लिहिलंय त्यापलीकडं पोस्टमास्तरला अधिकार नाही. आपल्याकडं राजद्रोहाच्या कलम १२४अ वर वाद घालताना वकील मंडळी जे मांडायची ते बरंचसं हेच.

सर्किट न्यायाधीश चार्ल्स हफ यानं लगोलग स्थगिती दिली आणि नोव्हेंबरात अपील कोर्टानं हँडचा हुकूम फिरवला. पण त्या मधल्या काळात टपाल खात्यानं जे केलं ते ऐकण्यासारखं आहे. मासिकाला सवलतीच्या दरानं टपाल मिळायला अंक नियमित निघावा लागतो. खात्याचं म्हणणं, तुमचा ऑगस्टचा अंक टपालात पडलाच नाही, म्हणजे तुम्ही खंड पाडलात, म्हणजे तुम्ही नियतकालिक नाही, सबब सवलत रद्द. अंक आपणच दाबून धरायचा आणि वर खंड पडला म्हणायचं! मुरलेल्या नाझरालासुद्धा हे सुचलं नसतं. मासिक त्याच वर्षाअखेरीला बंद पडलं.

त्याच उन्हाळ्यात अपील कोर्टातले आल्फ्रेड कॉक्स निवृत्त झाले. जागा रिकामी, आणि हँडच्या हुकुमाची शाई अजून वाळलेली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पक्षाचं गणित आधीच त्याच्या बाजूनं नव्हतं. तरी त्याचं नाव चर्चेत होतं, चुलतभाऊ ऑगस्टसला विल्सननंच १९१४ साली जिल्हा न्यायाधीश केलं होतं, म्हणजे घराणं विल्सनला वर्ज्य नव्हतं. मासेसनं ती उरलीसुरली आशा संपवली. ज्या सरकारनं नाव पाठवायचं त्याच सरकारच्या युद्धकाळातल्या लाडक्या कायद्याला हँडनं लगाम घातला होता. 'फक्त मासेसमुळं' लिहिलंस तर अर्धवट, 'मासेसचा संबंध नाही' लिहिलंस तर साफ खोटं.

मँटन कोण, तर ब्रुकलिनचा वकील. बर्क कॉक्रन हा त्या वेळचा नामांकित डेमोक्रॅट पुढारी, सभा गाजवणारा. त्याचा हा भागीदार. वकिलीत हँडच्या कैक पट कमावलेला. १९१६ ला विल्सननं ३६ व्या वर्षी जिल्हा न्यायाधीश केला आणि मार्च १९१८ ला अपील कोर्टात चढवला. खाली दोन वर्षंसुद्धा भरली नव्हती. हँडची तोवर नऊ होत आली होती.

आता जे कुणी फारसं लिहीत नाही ते. बढती हुकली म्हणजे फक्त पगार आणि मान हुकला असं समजू नकोस. अमेरिकेच्या त्या वेळच्या पद्धतीत अपील कोर्टाचं प्रमुखपद सेवाज्येष्ठतेनं जायचं. ज्याची नेमणुकीची सनद आधीची, तो वर. १९१८ ची सनद मँटनची, १९२४ ची हँडची. त्यामुळं वरचे लोक गेल्यावर त्या कोर्टाचा प्रमुख झाला मँटन, आणि हँड त्याच्या शेजारी १९३९ पर्यंत बसला. खंडपीठं लावायची कुणी, कामं वाटायची कुणी, याची सूत्रं मँटनच्या हातात. न्यूयॉर्क म्हणजे अमेरिकेचा सगळा मोठा व्यापार, जहाजं, पेटंट, दिवाळखोऱ्या. त्या एका जागेची किंमत हँडपेक्षा पक्षकारांनी जास्त मोजली.

१९२२ चंही बघ. तोवर ताफ्ट सरन्यायाधीश झाला होता. सुप्रीम कोर्टात जागा निघाली, हँडचं नाव आलं. ताफ्टनं राष्ट्राध्यक्ष हार्डिंगला कळवलं की हा ब्रँडाइसच्या (सुप्रीम कोर्टातला उदारमतवादी न्यायाधीश) कळपात जाईल आणि विरोधी निकाल लिहीत बसेल. ज्यानं १९०९ ला हात धरून वर घेतलं त्यानंच हे लिहिलं. १९२४ ला मात्र ज्यूलियस मेयर यांनी अपील कोर्टातली जागा सोडली, राष्ट्राध्यक्ष कूलिज, ॲटर्नी जनरल हार्लन स्टोन. तोवर युद्धाचा ज्वर उतरला होता, हँडच्या निकालांना वकीलवर्गात वजन आलं होतं, आणि नाव फारशी खळखळ न होता पार पडलं. वय ५२. स्टोन हे नाव ध्यानात ठेव, ते पुन्हा येतं.

ताराराणीचौक

जुनंकोर्ट सरांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. रंकाळावेस, तुला आपल्या मातीतलं उदाहरण जोडीला हवं असेल तर न्यायमूर्ती रानडे घे. त्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते, रानड्यांची सुरुवातीची शाळा इथलीच. १८७१ पासून पुण्यात सबजज्ज. सार्वजनिक सभेच्या कामामुळं इंग्रज सरकारचा डोळा त्यांच्यावर. आधी नाशिकला बदली, मग १८७९ ला धुळ्याला. वासुदेव बळवंतांच्या बंडाचे ते दिवस. धुळ्यात असताना त्यांची पत्रं टपालात फोडून बघितली जायची. मासेसचं टपाल वाचताना मला पहिल्यांदा तेच आठवलं.

आणि बढतीचं तर अगदी जुळतंय. १८८९ ला मुंबई हायकोर्टात हिंदी न्यायाधीशाची जागा निघाली तेव्हा काशिनाथ त्र्यंबक तेलंगांना नेमलं. तेलंग रानड्यांपेक्षा आठ वर्षांनी लहान. १८९३ ला तेलंग अकाली गेले तेव्हा ती जागा रानड्यांना मिळाली, वय ५१. हँड ५२, रानडे ५१. दोघांनाही सरकारच्या मर्जीतून उतरल्याची किंमत मोजावी लागली. मी तुझ्या जागी असते तर हे दोघंच समोरासमोर ठेवले असते.

जुनंकोर्ट

ताई, रानडे आणलेत ते उत्तम केलंत. पण एक पथ्य पाळायला सांगा त्याला. तेलंग हे मँटन नव्हेत. गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारा, हिंदू कायद्यावर ज्याचा शब्द चालायचा असा माणूस. रानडे मागं राहिले हा सरकारचा आकस, पण पुढं गेलेला माणूस तोलामोलाचा होता. मँटनच्या नेमणुकीचं दुखणं निराळं. तिथं मागं राहिलेल्याकडं न बघता पुढं गेलेल्याला कुणी तपासलं का, हा प्रश्न आहे. दोन्ही एका तागडीत घातलंस पोरा, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारेल.

तांबडापांढरा

साहेब, मँटन तुरुंगात गेला ते सांगा की. खरा मसाला तिथं आहे.

रंकाळावेस

सर, मनापासून आभार, एवढं तर ग्रंथालयातही मिळालं नव्हतं. ताई, रानड्यांचं लक्षातच आलं नव्हतं. तेलंगांबद्दलचं पथ्य पाळतो.

सर, एक शंका. मँटनच्या बचावात म्हणे असा मुद्दा होता की त्यानं दिलेले निकाल कायद्यानं बरोबरच होते, शेजारच्या न्यायाधीशांचीही त्यांना संमती होती. मग पैसे घेतले तरी न्याय बिघडला कुठं, असं. याला उत्तर काय दिलं कोर्टानं? आणि स्टोनचं नाव ध्यानात ठेवायला सांगितलंत ते का?

जुनंकोर्ट

दोन्हीचं उत्तर एकाच निकालात आहे.

आधी मसाला. मँटननं न्यायाधीश झाल्यावरही धंदा सोडला नव्हता. जागा, कंपन्या, भागीदाऱ्या. १९२९ च्या मंदीत सगळं अंगावर आलं. देणी भागवायला त्यानं जी वाट काढली ती लाचेच्या पाकिटाची नव्हती, कर्जाची होती. ज्याचं अपील आपल्यापुढं आहे त्याच्याकडनं, किंवा त्याच्या ओळखीतल्या तिसऱ्याकडनं, आपल्या एखाद्या कंपनीला किंवा धंद्यातल्या साथीदाराला 'उसने' घ्यायचे. एका तंबाखू कंपनीच्या भागधारकाचा दावा कोर्टात असताना मँटनच्या साथीदाराला अडीच लाख डॉलर असे उसने मिळाले. इलेक्ट्रिक दाढीच्या यंत्राच्या पेटंटचं भांडण होतं, त्यातही हेच. कागदावर बघशील तर चिठ्ठी आहे, सही आहे, व्याज आहे. फक्त फेडीचा पत्ता नाही. सावकारीचे दावे चालवलेल्या माणसाला अशी चिठ्ठी हातात घेतली की वास येतो.

हे बाहेर काढलं मॅनहॅटनचा जिल्हा सरकारी वकील थॉमस ड्युईनं. जानेवारी १९३९ च्या अखेरीला त्यानं प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीच्या अध्यक्षाला पत्र धाडलं, त्यात चार लाखांहून जास्त डॉलरचा हिशेब मांडला. मँटननं लगेच राजीनामा जाहीर केला. महाभियोगाची वेळ आली नाही, पण फौजदारी खटला चुकला नाही. त्याच्याच शहरात, पण बाल्टिमोरहून न्यायाधीश आणून तो चालवला. जून १९३९ ला ज्युरीनं दोषी ठरवलं. दोन वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंड.

आता गंमत. शिक्षेवर अपील करायचं कुठं? त्याच सेकंड सर्किटमध्ये, जिथला तो कालपर्यंत प्रमुख. हँड, त्याचा चुलतभाऊ, बाकीचे, सगळे वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसलेले. ते बसणार कसे? म्हणून खास पीठ बसवलं. निवृत्त सुप्रीम कोर्ट न्यायाधीश सदरलँड, मँटनबरोबर कधीच न बसलेला नवा न्यायाधीश चार्ल्स क्लार्क, आणि तिसरा सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश हार्लन स्टोन. १९२४ ला हँडचं नाव वर गेलं तेव्हा ॲटर्नी जनरल असलेला तोच हा स्टोन.

तुझी शंका तिथं अगदी याच शब्दांत मांडली गेली होती, आणि सदरलँडनं उत्तर दिलं की न्यायदान बरोबर असो की चूक, ते विकायला ठेवलेलं नसतं. किंमत घेऊन दिलेला निकाल बरोबर होता म्हणून डाग धुतला गेला, हे एकदा मान्य केलं की निःपक्ष न्यायाची सुट्टी सुरू झाली समज. शिक्षा कायम. वर सुप्रीम कोर्टानं प्रकरण घेतलं नाही. मँटन १९४१ ला सुटला आणि १९४६ ला वारला. मला विचारशील तर बचावाचा तो मुद्दा फालतू नव्हता, धूर्त होता. तीन न्यायाधीशांच्या पीठात एकानं पैसे घेतले आणि बाकी दोघांनी निव्वळ कायदा बघून तोच निकाल दिला, तर हरलेल्या पक्षकाराचं नुकसान दाखवणार कसं? म्हणून कोर्टानं नुकसान मोजायच्या भानगडीत न पडता व्यवहारालाच हात घातला. वकील म्हणून ही मांडणी मला फार आवडते.

मँटन गेल्यावर ज्येष्ठतेनं प्रमुखपद आलं हँडकडं. तेव्हा तो ६७ वर्षांचा. १९५१ पर्यंत त्यानं ते सांभाळलं आणि नंतरही जमेल तसा बसत राहिला, १८ ऑगस्ट १९६१ ला जाईपर्यंत. सुप्रीम कोर्ट कधीच मिळालं नाही. मासेसमधलं त्याचं म्हणणं मात्र फिरून आलं. भाषणस्वातंत्र्यावरच्या १९६९ च्या ब्रँडेनबर्ग निकालात सुप्रीम कोर्टानं जी कसोटी लावली, तिच्यात त्याच्या थेट चिथावणीच्या मुद्द्याची छाया दिसते. ते बघायला तो नव्हता.

सेमिनारसाठी अजून एक. १९१८ च्या मँटनच्या मंजुरीवर सिनेटमध्ये काय चर्चा झाली ते शोधायला जाशील. फार हाती लागणार नाही. नेमणुकांवर सिनेट तेव्हा बंद दाराआड बसायची, सर्रास उघड चर्चा सुरू झाली ती १९२९ पासून. त्यामुळं त्या काळासाठी पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्रं हाच आधार. कुणी विचारलं की सिनेटनं मँटनला नीट का तपासलं नाही, तर आधी हे सांग, मग पुढं बोल.

आणि टॉर्ट्सचं ते सूत्र या निबंधात घुसडू नकोस. ते १९४७ चं, पिठाची पोती लादलेला एक तराफा न्यूयॉर्क बंदरात सुटून बुडाला त्या खटल्यातलं. तेव्हा हँड पंच्याहत्तरीला टेकला होता. नेमणुकीशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि परीक्षकाला ते आवडतं म्हणून त्यातच पाच मिनिटं जातील. विकरशॅम, ताफ्टचं १९२२ चं पत्र आणि ड्युईचं १९३९ चं पत्र, एवढ्या तिघांवर बोललास तरी वेळ पुरणार नाही. शनिवारी दुपारी मी बाररूमच्या ग्रंथालयात असतो, मसुदा घेऊन ये. लाल पेनही आण.